हातापायांचे वकील

सातारच्या कोर्टात मी मोटारमालकांचा आणि गिरणीवाल्यांचा वकील होतो. कोणाला मोटारीनं उडवलं, कोणाचा हात पट्ट्यात सापडला, की ज्याची मोटार किंवा ज्याचा पट्टा तो माझ्याकडे येई आणि ज्याचा हात तो निगुडकरांकडे जाई. ही वाटणी आम्ही दोघांनी कधी ठरवली नव्हती, पक्षकारांनीच ती करून टाकली होती. निगुडकर मला नावानं हाक मारत नसत. "काय पलीकडचे, चहा घेणार का?" असं विचारत. पुढंपुढं सगळी बाररूम मला पलीकडचे म्हणू लागली. ते नाव माझ्या सासुरवाडीपर्यंत पोचलं आणि तिथंही ते कोणाला वावगं वाटलं नाही.

निगुडकरांना लोक हातापायांचे वकील म्हणत. त्यांना ते आवडे की नाही हे कळत नसे, कारण आवडण्या-नावडण्याच्या खुणा त्यांच्या चेहऱ्यावर उमटत नसत. अंगानं उंच, किडकिडीत. अल्पाकाचा काळा कोट उन्हानं विटून हिरवट झालेला. डोक्याला रुमाल, तो मात्र इतका नेटका बांधलेला की पाहणाऱ्याला स्वतःचा रुमाल चाचपून बघावासा वाटे. रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येत. जन्मात कधी त्यांना पडसं झालेलं कोणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या मोडलेल्या हाडांवर हा माणूस कसा ठणठणीत राहतो, असं बाररूममध्ये त्यांच्या माघारी बोलत. माघारी बोललेलं सगळं त्यांना कळत असे, कारण कोणी लंगडत आलं की त्याच्याशी बोलता बोलता गावातल्या बातम्याही ते काढून घेत.

सातारा जिल्ह्यात वकिलानं जमिनीचे दावे घ्यायचे नाहीत म्हणजे हलवायानं साखर वर्ज्य करण्यासारखं आहे. निगुडकर जमिनीचा दावा घेत नसत. बांधाचं भांडण घेऊन आलेल्या माणसाला ते शांतपणे विचारत, "बांधाला दुखतंय का?" माणूस गोंधळून नाही म्हणे. "मग मी त्याचा वकील नव्हे," असं म्हणून ते त्याला पानसुपारी देऊन दुसऱ्या वकिलाचा पत्ता सांगत. तो दुसरा वकील पुष्कळदा मीच असे. या एका गोष्टीबद्दल माझ्या घरातली सगळी माणसं त्यांना दुवा देत.

शनिवार पेठेत त्यांच्या राहत्या घराच्या ओसरीवरच कचेरी होती. तिथं कायद्याची पुस्तकं एका फळीवर मावत. बाकीच्या जागेत दोर लावलेली बादली, काठवट, खुरपं, एक जुना पटका, पाण्यानं भरलेला तांब्या आणि दळणाचं लहान जातं असा संसार मांडलेला होता. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, जप्तीचा माल असेल. तो माल अशिलांसाठी होता. माणूस आला की निगुडकर त्याला काय लागलं, कुठं दुखतं, यातलं काही विचारत नसत. पटका पुढं टाकत आणि बांधा म्हणत. बाईमाणूस असेल तर काठवटीकडे बोट दाखवत. मग स्वतः टाक दौतीत बुडवून बसत आणि बघत. एक हात निकामी झालेल्या माणसाला पटका बांधताना बघणं हे फार वेळ चालणारं काम आहे. मी एकदा पाहिलं आणि मध्येच उठून आलो.

त्यांचा प्रश्न एकच असे. "आज काय जमलं नाही?" हा प्रश्न ते अशिलाला विचारत, कारकुनाला विचारत, आणि सवयीनं संध्याकाळी आतल्या घरातही विचारत. त्यांच्या पत्नीला आम्ही माई म्हणत असू. माई एकदा मला म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून रोज विचारतात. मी रोज सांगते, तुमच्याशी बोलायला जमलं नाही." निगुडकर बाजूलाच बसले होते. ते म्हणाले, "नोंद आहे."

'कसं काय?', 'बरं आहे ना?' असलं विचारणं मात्र त्यांनी तोंडातून हद्दपार केलं होतं. त्याला कारण होतं आणि त्या कारणाला मी साक्षी होतो.

मेढ्याच्या वरच्या अंगाचा धोंडिबा नावाचा म्हातारा होता. गवताचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेनं चाललेला असताना माझ्या अशिलाच्या मोटारीनं त्याला ढकललं. खुबा मोडला आणि वाकडा जुळला. त्याची नाचणीची खाचरं डोंगराच्या उतारावर होती, आणि त्या उतारावर आता त्याला चढता येईना. दावा चांगला होता. खरं सांगायचं तर फारच चांगला होता, आणि मी माझ्या अशिलाला तडजोड करा असं सांगूनही ठेवलं होतं.

त्या वेळी कोर्टात कोकणातून नव्यानं बदलून आलेले जज्जसाहेब होते. फार सौजन्यशील गृहस्थ. पट्टेवाल्यालासुद्धा अहोजाहो करत. धोंडिबा काठी टेकत पिंजऱ्यात चढला, शपथ झाली, आणि त्याचं वय बघून साहेबांनी आपुलकीनं विचारलं, "काय धोंडिबा, बरं आहे ना?"

धोंडिबानं काठी काखेत मारून हात जोडले. "व्हय जी, बरं हाय. आपल्या किरपेनं समदं झ्याक हाय."

टाकाचा आवाज झाला. साहेब सगळं जिथल्या तिथं लिहून घेणारे होते. निगुडकरांनी पुढं पुष्कळ विचारलं. चालता येतं का, चढता येतं का, रात्री झोप लागते का? पण धोंडिबाची गाडी एकदा रुळावर लागली होती. चालतंय की हळूहळू. चढतुया, बसत बसत. झोप लागतीया, म्हाताऱ्या मानसाला किती झोप लागायची? माझी पाळी आली तेव्हा मी अर्धवट उठलो, "उलटतपास नाही" म्हणालो आणि खाली बसलो. इतक्या आनंदानं हे शब्द मी पूर्वी कधी उच्चारले नव्हते. वादी आपण बरे असल्याचे शपथेवर सांगतो, असं निकालपत्रात आलं आणि दावा गेला.

बाहेर चिंचेखाली निगुडकरांनी म्हाताऱ्याला विचारलं, असं का केलंत. धोंडिबालाच त्यांचं आश्चर्य वाटलं.

"आवं वकीलसायेब, येवढ्या मोठ्या मानसानं आपुलकीनं इचारलं. त्येच्याफुडं काय रडत बसायचं व्हय?"

"मग घरी तरी सांगता का?"

"घरात कशाला? त्यास्नी दिसत न्हाई व्हय?"

निगुडकरांनी त्याला मोटारस्टँडपर्यंत पोचवलं, जागा करून दिली, आणि परत येऊन माझ्याजवळ उभे राहिले. म्हणाले, "पलीकडचे, आज तुम्ही जिंकलात असं समजू नका. तुम्ही नुसते हजर होता." हे खरं होतं. पुढं ते एवढंच म्हणाले, की आपल्या मुलखात माणसं मोडतात फार आणि कबूल कोणीच करत नाही.

त्या दिवसापासून त्यांच्या ओसरीवर तालीम सुरू झाली. भिकोबा नावाचा त्यांचा पोक्त कारकून डोक्याला रुमाल बांधून, जज्ज होऊन पाटावर बसे आणि समोरच्याला विचारी, "काय, बरं आहे ना?" समोरचा म्हणे, "बरं हाय." पुन्हा. "बरं आहे ना?" "बरं हाय." पाय कापलेला माणूस, तोही बरं हाय. पाठीचा कणा दुखावलेला हमाल, तोही बरं हाय, वर भिकोबाच्या मुलाबाळांची चौकशी. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटे, आत कसलीशी आरती चालली आहे. निगुडकरांना रागावता येत नसे. ते प्रत्येकाला समजावून सांगत की, हा प्रश्न साहेबांनी विचारला तर तो पाहुणचार नसतो, ती चौकशी असते. माणसं मान डोलावत. चौकशीबद्दल आभार मानत आणि बरं हाय म्हणत.

एक जण मात्र शिकला, आणि तो जरुरीपेक्षा जास्त शिकला. कोरेगावकडचा हा माणूस. त्याचा गुडघा गेला होता. त्यानं कोर्टात गुडघा असा काही सांगितला की माझे अशील दुपारच्या सुटीतच तडजोडीला आले. पण शिकलेलं त्याला पुढं विसरता येईना. त्याच्या मुलीच्या सोयरिकीची बैठक बसली, आणि नवऱ्यामुलाच्या चुलत्यानं रीतीप्रमाणे विचारलं, काय पाव्हणं, कसं काय? यानं गुडघ्यापासून सुरुवात केली आणि तो कमरेपर्यंत आला तोवर पाहुण्यांची पानं खाऊन झाली होती. सोयरीक मोडली. तो निगुडकरांकडे आला आणि म्हणाला, याची भरपाई कोन देनार? निगुडकरांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि हे प्रकरण हातात किंवा पायात बसत नसल्याबद्दल खेद व्यक्त केला. पुढच्या महिन्यात ते स्वतः दुसरं स्थळ घेऊन त्याच्याकडे गेले होते. हे मला माईंकडून कळलं.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना. मोटारी मागं बंब लावून कोळशाच्या गॅसवर चालत आणि चढावर उतारूंना उतरवून घेत. सांगलीजवळ अशीच एक मोटार वळणावर आडवी झाली आणि तिच्यात एका नावाजलेल्या पैलवानाचा उजवा खांदा गेला. त्यानं दावा लावला, तो सांगली संस्थानच्या कोर्टात. मोटारमालक माझा जुना अशील. त्यामुळे मी आणि निगुडकर एकाच गाडीनं, एकाच डब्यात सांगलीला गेलो. वाटेत त्यांनी मला दशम्या दिल्या. खटल्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

कोर्टात सगळी तालीम लोटली होती. दाराशी, खिडक्यांशी माना दिसत होत्या, सगळ्यांचे कान मोडलेले. मला काम सोपं वाटलं. पैलवान एक वेळ दावा सोडेल, पण चारचौघांत आपण हलके झालो असं म्हणणार नाही. मी माझ्या अशिलाला उभं केलं. तो दम्यानं बेजार, सुकलेला गृहस्थ. मी विचारलं, "पैलवान, तुमच्या अंगात आता काही राहिलं नाही म्हणता. म्हणजे हे शेटजी तुम्हाला पाडतील?"

खिडकीत कोणीतरी हसलं. पैलवान पिंजऱ्यातून खाली उतरला. "कोन म्हनतो?" असं म्हणून त्यानं माझ्या अशिलाच्या कमरेला हात घातला आणि त्याला उचललं. शेटजी हवेत. टोपी खाली. पट्टेवाला भिंतीला चिकटलेला. तालमीतली पोरं शिट्ट्या मारू लागली. मी मनात म्हटलं, संपला दावा. अशील वर टांगलेला असतानाच मी त्याच्याकडे बघून मान डोलावलीसुद्धा.

निगुडकर जागचे उठले नव्हते. गडबड ओसरल्यावर ते सावकाश म्हणाले, "साहेब, एक हात कामात आहे. दुसऱ्या हाताची नोंद व्हावी."

सगळ्यांनी बघितलं. पैलवानानं शेटजींना डाव्या हातानंच उचललं होतं. उजवा हात अंगाशी नुसता लोंबत होता, इतक्या रागातसुद्धा तो वर आला नव्हता. खिडकीतल्या शिट्ट्या थांबल्या. पैलवानालाही ते तेव्हाच कळलं असावं. त्यानं शेटजींना हलकेच खाली ठेवलं, वाकून त्यांची टोपी उचलून दिली, तीही डाव्या हातानं. नोंद झाली आणि दाव्याचा निकाल पैलवानाच्या बाजूनं लागला. परतीच्या गाडीत मी मुद्दाम दुसऱ्या डब्यात बसलो, तर निगुडकर दशम्या घेऊन तिथं आले.

आता तानूबाईचं सांगतो. ते सांगण्यासाठीच हे सगळं चाललं आहे.

तानूबाई कृष्णाकाठच्या गावची. नवरा पलटणीत. लढाई संपली होती, पण त्याची पलटण अजून सुटली नव्हती. भावकीतल्या थोरल्या दिराचं, तात्यांचं, गुऱ्हाळ होतं आणि त्यांनी उसाच्या चरकाला नवीन इंजिन बसवलं होतं. चरकात ऊस भरभर घालता यावा म्हणून तोंडावरची आडवी फळी त्यांनी काढून टाकली. तानूबाई ऊस घालत होती. उसाबरोबर उजवा पंजा आत गेला. तात्यांचं म्हणणं, घरचीच बाई, घरचंच काम, बोटाला जरा लागलं, आता सगळं करते. गावातले चार साक्षीदार शपथेवर सांगून गेले की ती भाकरी थापते, पाणी आणते, रानात जाते. तात्या माझे अशील होते.

तिची सासू उघड म्हणत होती की मुलगा आला की दोन हातांची सून आणणार. तानूबाईला दोन म्हशी घ्यायच्या होत्या. धार डाव्या हातानं काढता येते हे तिनं शेजारणीच्या गोठ्यात करून बघितलं होतं. म्हशी असल्या तर त्या घरातलं तिचं बस्तान राहणार होतं आणि लहान मुलगी तिच्याजवळ राहणार होती. नाही तर माहेरचा रस्ता. एवढ्यासाठी तिचा भाऊ तिला निगुडकरांकडे घेऊन आला होता.

ती किती तरी वेळा कचेरीत आली, पण उजवा हात पदराखालून कधी बाहेर आला नाही. काठवट पुढं ठेवली, तिनं डाव्या हातानं पीठ मळून दाखवलं. आज काय जमलं नाही, असं विचारलं की खाली बघून म्हणे, "समदं जमतं." निगुडकरांनी हात दाखव असं तिला एकदाही सांगितलं नाही. डॉक्टरचा दाखला होता, पण दाखल्यात हात किती गेला ते होतं, हातामुळे काय गेलं ते नव्हतं. भिकोबा मला एकदा म्हणाला, मालक या दाव्यात जेवत नाहीत.

मला हे सगळं माहीत होतं, कारण सातारा लहान गाव आहे. थोरल्या दिरासमोर या घरातली बाई मान वर करत नाही, मोठ्यानं बोलत नाही, त्याचं नाव घेत नाही. म्हणून मी तात्यांना अगदी पुढच्या बाकावर बसवलं, गुलाबी फेट्यासकट. यात गैर काही नव्हतं. पक्षकाराला कोर्टात बसण्याचा हक्क असतो, आणि पुढच्या बाकावर जागा होती.

जज्जसाहेब तेच, धोंडिबाचे. तानूबाई पिंजऱ्यात आली, तात्यांना बघितलं, आणि तिचा आवाज गेला. निगुडकर विचारत होते, ती ओठ हलवत होती. साहेब पुढं वाकून कानाला हात लावत होते. फळी कोणी काढली? ओठ हलले. चरक कोणाचा? तेही नाही. माझा उलटतपास चांगला दोन पानं लिहून तयार होता, पण त्याची गरज पडेल असं वाटेना.

"नाव घेता येत नसेल तर राहू द्या," निगुडकर म्हणाले. "ओळख पटवण्यासाठी प्रतिवादींनी उभं राहावं."

तात्या उभे राहिले. आणि उभं राहताना खाकरले.

आमच्याकडे वडीलधारा माणूस घरात शिरताना उंबऱ्याशी खाकरतो, म्हणजे आतल्या बायका पदर घेऊन सावरून बसतात. तात्या जन्मभर उंबऱ्याशी असे खाकरले होते, त्यामुळे कोर्टातही खाकरले. आणि तानूबाई जन्मभर ते ऐकत आली होती. तिचा उजवा हात आपोआप पदराखालून निघाला आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढायला कपाळाशी गेला. ओढायला पंजाच नव्हता. मनगटाचा गुंडाळलेला गोळा पदराच्या काठावर घासला. पदर पुढं यायच्या ऐवजी मागं सरकला. तिनं पुन्हा हात नेला. पदर खांद्यावर पडला. थोरल्या दिरासमोर, भरल्या कोर्टात ती उघड्या डोक्यानं उभी राहिली, आणि तो हात अजून कपाळाशी पदर शोधत होता.

साहेबांनी नजर खाली घातली. तात्यांनीही घातली आणि कोणी न सांगता ते बसले. तानूबाईनं मग डाव्या हातानं कसाबसा पदर डोक्यावर घेतला. मला फार वाईट वाटलं. मी पलीकडचा होतो, आणि तरी वाटलं.

साहेबांना काहीतरी बोलायला हवं होतं. ते सौजन्यशील गृहस्थ होते. त्यांनी अगदी हळू विचारलं, "बाई, बरं आहे ना?"

मी निगुडकरांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"न्हाई," तानूबाई म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "बरं न्हाई, सायेब. पोरीची येनी घालता येत न्हाई."

टाकाचा आवाज झाला. माझी पाळी आली. मी उभा राहिलो, दोन पानं हातात होती. "उलटतपास नाही," मी म्हणालो. शब्द तेच होते. दोन्ही पानांची घडी करून मी ती कोटाच्या खिशात घातली.

बाहेर चिंचेखाली मी निगुडकरांना विचारलं, तात्यांना मुद्दाम उठवलंत का? "ओळख पटवायला उठवलं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "खाकरणं त्यांचं स्वतःचं." तिला पदर सावरायला कोणी नव्हतं आणि आपल्याला पुढं होता आलं नाही, याचं त्यांना सगळ्यात वाईट वाटत होतं. दाव्याचं ते काहीच बोलले नाहीत. तात्यांनी निकालाची वाट बघितली नाही. त्या आठवड्यात स्वतःच तडजोडीला आले आणि गावी गेल्यावर चरकाला फळी बसवली.

म्हशी आल्या. नवराही सुटून आला. सासूनं दुसऱ्या सोयरिकीची बैठक ठरवून ठेवली होती, त्या बैठकीला तो गेलाच नाही. पुढं एकदा ती तिघं निगुडकरांना भेटायला आली, खव्याचा गोळा घेऊन. मी तिथंच होतो. मुलीची वेणी अगदी घट्ट आणि जरा वाकडी घातलेली होती. निगुडकरांनी ती निरखून बघितली आणि त्या शिपायाला म्हणाले, "ही पलटणीतली गाठ दिसते." तो लाजला. निगुडकरांना हसताना मी पाहिलं ते त्या दिवशी.

सांगली संस्थान विलीन झालं त्या सुमाराची गोष्ट. निगुडकरांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. सकाळी अजिंक्यताऱ्यावरून उतरून आले, रुमाल बांधायला बसले, आणि हात वर गेला नाही. मला कळल्यावर लगेच जायला हवं होतं. पण असल्या ठिकाणी काय बोलावं ते कळत नाही, म्हणून मी दिवस ढकलले.

गेलो तेव्हा ते ओसरीवर आरामखुर्चीत होते. डोकं उघडं. बादली, काठवट, पटका, सगळं होतं तिथंच होतं. माई दारातच म्हणाल्या की माणसं येतात, छान दिसताय, लवकर हिंडूफिरू लागाल म्हणतात, आणि हे कोणाशी बोलत नाहीत. मी पुढं झालो आणि तोंडून गेलंच, "काय निगुडकर, कसं काय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं नाही. हे शब्द त्यांनी या ओसरीवरून कधीच हद्दपार केले होते. मला माझी चूक कळली. मी पाट ओढून समोर बसलो.

"आज काय जमलं नाही?" मी विचारलं.

ते सावरून बसले. जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून येत होते, पण साक्ष नीट, क्रमानं दिली. रुमाल बांधता आला नाही. कोटाचं बटण लागलं नाही. सही आली नाही. पाणी पिताना निम्मं छातीवर सांडलं. माईला हाक मारायला गेलो, तर दुसराच शब्द आला. माई दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

"आणखी?" मी विचारलं.

"तुम्ही आलात," ते म्हणाले, "उठून उभं राहता आलं नाही."

मग ते माझ्याकडे बघत थांबले. मला आधी कळेना कशासाठी. मग कळलं. साक्ष संपली होती आणि पाळी माझी होती.

"उलटतपास नाही," मी म्हणालो.

त्यांनी समाधानानं मान हलवली. "मग साक्षीदाराला मोकळं करा." मी उठलो आणि नमस्कार केला. त्यांनी डावा हात उचलून छातीशी नेला. तो तिथं एकटाच राहिला. उजवा मांडीवर पडून होता. त्याच्याकडे त्यांनी जरा वेळ बघितलं.

"दुसऱ्या हाताची," ते म्हणाले, "नोंद व्हावी."

"झाली," मी म्हणालो.